खुर्चीवरचं बीपी

३ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. साष्टांग घालायला वॉर्डात जागा नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घे.

चौतीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केलेल्या बाईला इंटर्नचे हाल काय सांगायचे! पण हट्ट तुझाच. फोनवर पोरगी "बरी आहे" म्हणते आणि ठेवून देते, खरं काय ते पत्रात लिही, असं तूच बजावलंस. तर लिहिते.

इतकी वर्षं पुस्तकं डोक्यात कोंबली, परीक्षा पास झाले, आता वर्षभर इंटर्न. म्हणजे सगळ्यांच्या हाताखालचा माणूस. रक्ताच्या नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या, हरवलेले एक्स-रे शोधायचे, डिस्चार्ज कार्डं लिहायची आणि राउंडला मोठ्या सरांनी प्रश्न विचारला की जमिनीकडे बघायचं. परवापासून मी पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात आहे. माझ्यावर दुसऱ्या वर्षाची एक रेसिडेंट डॉक्टर आहे. तिला आम्ही पाठीमागे 'वादळ' म्हणतो. स्वतःला भूक लागत नाही म्हणून इतरांनाही लागत नसावी, असा तिचा प्रामाणिक समज आहे.

वॉर्डातल्या सिस्टर मात्र देवमाणूस. पहिल्याच दिवशी एका आजोबांची शीर मला तीनदा टोचून सापडेना. कपाळावर घाम. सिस्टर मागून आल्या, आजोबांना म्हणाल्या, "नवीन डॉक्टर आहेत, जरा पाहुणचार करून घ्या," आणि माझं बोट धरून नेमकं शिरेवर ठेवलं. चौथ्यांदा लागली. आजोबाच मला म्हणाले, "घाबरायचं नाही बरं का."

कोणी "डॉक्टर" अशी हाक मारली की मी अजून मागे वळून बघते, कोणाला बोलावतायत म्हणून.

बाकी कामं पटापट उरकायच्या इथल्या काही युक्त्या आहेत. त्या तुला सांगत नाही, तू कान पिळशील.

तुझी भिंगरी

१० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना आत्याचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर आताच डॉक्टरांसारखं झालंय. तुझ्या बापाला वाचायला दिलं, त्याला फक्त 'घाम' आणि 'आजोबा' एवढंच लागलं. पोरीच्या हातून आजोबा गेले असं समजून तो अर्धा तास सुन्न बसला होता. मी मुद्दामच लगेच सांगितलं नाही.

युक्त्या मला सांगू नकोस, मला सगळ्या ठाऊक आहेत. माझ्या हाताखालून तुझ्यासारख्या शंभर भिंगऱ्या फिरून गेल्या. एकच सांगते. सिस्टरला धरून राहा. मोठे सर दिवसातून दहा मिनिटं खाटेपाशी असतात, ती आठ तास असते. पेशंट बिघडायला लागला की तिला आधी वास येतो. का ते तिला सांगता येणार नाही. ती नुसती म्हणेल, "जरा बघता का?" तेव्हा हातातलं काम टाकायचं आणि उठायचं.

जेवत जा. वादळाला भूक नसेल, आपल्या घराण्यात आहे.

आत्या

६ मार्च

आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. काम फार आहे.

वॉर्डात एक प्रकार घडला. चौदा नंबरच्या खाटेवर एक शिंपीकाका आहेत. गेल्या आठवड्यात एका सकाळी त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. सगळं नीट होतं. अशा पेशंटचं बीपी दर तासाला मोजून चार्टवर लिहायचं असतं, ते तुला माहीतच आहे. चारला ११८/७६ होतं. पाचला वादळ राउंडला आली तर काका घामाने थबथबलेले, बीपी ऐंशीवर आलेलं. पोटात रक्तस्राव होत होता. पळतपळत पुन्हा थिएटरात नेलं. वाचले. चार दिवस आयसीयूत होते, आता धोका टळलाय. माझ्या जिवात जीव आला.

चौकशी झाली. चार ते पाच या वेळात पेशंटकडे कोणाचं लक्ष नव्हतं, असं निघालं. ड्यूटीवर सिस्टर होत्या. त्यांना मेमो मिळाला. त्यांची बदली बाहेर इंजेक्शनच्या खोलीत केली आहे.

मेमो मिळाला की पुढे काय होतं ग? तो नंतर काढून टाकतात का? बढतीच्या वेळी बघतात का? सहज विचारते.

बाकी मी बरी आहे.

भिंगरी

१३ मार्च

भिंगरी,

शिंपी वाचला, छान झालं. देव पावला.

पण त्या सिस्टरबाईंचं मला नवल वाटतं. ऑपरेशन होऊन आलेला माणूस तासभर खाटेवर घामाघूम होतो आणि बाईला पत्ता नाही? कुठे होती? चहा पीत? तूच तिला देवमाणूस म्हणाली होतीस ना? देव झोपला होता म्हणायचा. आमच्या वेळी असं झालं असतं तर मेट्रनबाईंनी आमची सालटी काढली असती.

मेमोचं विचारतेस. मेमो काढत नाहीत. तो नोकरीच्या पुस्तकात चिकटतो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहतो. बढतीची यादी निघाली की पहिल्यांदा तेच पान उघडतात. चूक केली तर भोगायला हवं. तू त्या बाईसाठी जीव टांगणीला लावू नकोस.

तुझं पत्र एवढंसं आणि कोरडं आहे, त्यावरून समजले. डोळ्यांदेखत माणूस जाता जाता राहिला, त्याने तू हबकली आहेस. पहिल्यांदा सगळ्यांचं तसंच होतं. रडू आलं तर रडून घे. तुझी काही चूक नाही.

आत्या

१९ मार्च

आत्या,

"तुझी काही चूक नाही" हे वाक्य वाचलं आणि पत्र उशीखाली ढकललं. चार दिवस बाहेर काढलं नाही. आज काढते.

चारचं बीपी मी मोजलंच नव्हतं.

ज्या युक्त्या तुला सांगितल्या नाहीत, त्यातली ही पहिली. आमच्याकडे तिला 'खुर्चीवरचं बीपी' म्हणतात. पेशंट बोलतोय, आधीचे दोन आकडे चांगले आहेत, मग पुढचा आकडा खुर्चीत बसल्या बसल्या चार्टवर लिहायचा. आधीच्या बॅचच्या मुलांनी शिकवलं. एकशे वीस ऐंशी लिहू नकोस, फार गुळगुळीत दिसतं. एकशे अठरा, शहात्तर लिही, खरं वाटतं. दोनचं मी मोजलं होतं, तीनचंही मोजलं होतं. चारला माझ्यासमोर अकरा डिस्चार्ज कार्डं पडली होती आणि वादळ पाचला येणार होती. मी हात लांब करून चार्ट ओढला आणि लिहिलं.

इथवर असतं तरी एक वेळ चाललं असतं. नाही, चाललं नसतं. पण ऐक. सव्वाचारला सिस्टर माझ्यापाशी आल्या. "चौदा नंबर मला गळाल्यासारखे वाटतायत. जरा बघता का?" मी मान वर न करता म्हणाले, "आत्ताच मोजलंय. नॉर्मल आहे." त्यांनी चार्ट पाहिला, माझा आकडा वाचला आणि थिएटरातून आलेल्या दुसऱ्या पेशंटला घ्यायला गेल्या. त्या चहा पीत नव्हत्या, आत्या.

चौकशीत त्यांनी हेच सांगितलं. मग सरांनी मला विचारलं, "सिस्टर तुम्हाला असं बोलल्या होत्या का?" सिस्टर समोरच उभ्या होत्या. मी म्हणाले, "आठवत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गोंधळल्यासारखं बघितलं.

आता जेवण जात नाही. इंजेक्शनच्या खोलीवरून जावं लागू नये म्हणून मी मागच्या जिन्याने वर येते. खरं सांगितलं तर इंटर्नशिपचं प्रमाणपत्र अडकेल, कदाचित डॉक्टरच होता येणार नाही. बाबांचं तोंड डोळ्यांसमोर येतं. आणि नाही सांगितलं तर डॉक्टर होईन आणि मला कोणी "डॉक्टर" म्हटलं की दर वेळी चौदा नंबरची खाट आठवेल. मी काय करू?

भिंगरी

२३ मार्च

भिंगरी,

एकशे अठरा, शहात्तर. पत्रातही तू मला तोच आकडा लिहिलास, आणि मी तो वाचून शांतपणे पुढे गेले. तुझं मागचं पत्र म्हणजे खुर्चीवरचं बीपीच होतं. त्यावर विसंबून मी एका भल्या बाईला झोपाळू म्हटलं, चहाबाज म्हटलं. मला माझीच लाज वाटते आहे, आणि तुझा राग येतो आहे. दोन्ही लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

मी मेट्रन का झाले नाही, हे तुझ्या बापालाही माहीत नाही. त्याला वाटतं मला जबाबदारी नको होती. एकतीस वर्षांपूर्वी एका पेशंटबाईच्या मुलीने मला सांगितलं, आईला अमुक इंजेक्शन सोसत नाही. मी लगेच जाऊन तरुण डॉक्टरांना सांगितलं. ते "हो हो" म्हणाले आणि तासाभराने स्वतःच्या हाताने तेच इंजेक्शन देऊन मोकळे झाले. बाई मरता मरता वाचली. चौकशीत ते म्हणाले, सिस्टरांनी सांगितलं नव्हतं. मेमो मला मिळाला. ते डॉक्टर पुढे खूप मोठे झाले. आजही कुठे भेटले की वाकून नमस्कार करतात. मला तो नमस्कार नको असतो.

आणि अशी मी! ज्या जागी स्वतः उभी राहिले, तिथे दुसरी बाई दिसल्यावर पहिला दगड मीच उचलला.

तू काय करू म्हणून विचारतेस. तुला ते माहीत आहे, नाहीतर मला लिहिलं नसतंस. फक्त कसं करायचं ते सांगते. आधी सिस्टरांकडे जा, मग सरांकडे. उलट नको. "सगळेच करतात" हे वाक्य तोंडातून काढू नकोस. ते खरं आहे, पण तुझं नाही. रडायचं असेल तर आधी रडून घे, तिथे नको, नाहीतर त्या बिचारीला तुझेच डोळे पुसत बसावं लागेल. जे होईल ते होऊ दे. प्रमाणपत्र अडकलं तर अडकलं. तुझ्या बापाचं मी बघून घेईन.

आत्या

८ एप्रिल

भिंगरी,

पंधरा दिवस झाले. फोन उचलत नाहीस. गेलीस की नाही, तेवढं एक अक्षर लिही. गेली नसलीस तरी लिही. माझा राग त्या खोट्या पत्रावर आहे, तुझ्यावर नाही.

आत्या

१४ एप्रिल

आत्या,

गेले!

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेले, पण सगळं पार पडेपर्यंत तुला अर्धवट काही कळवायचं नव्हतं. आता सगळं सांगते, मोजून.

सकाळी नऊला इंजेक्शनच्या खोलीत गेले. ही भली मोठी रांग. सिस्टर एका माणसाच्या दंडावर कापूस चोळत होत्या. मी दारातच उभी राहून बोलून टाकलं, नाहीतर पळून गेले असते. "सिस्टर, मी मोजलं नव्हतं. तुम्ही मला विचारलं होतं. मी खोटं बोलले."

त्यांनी वर बघितलं नाही. सुई टोचली, कापूस दाबला, "पुढचे" म्हणाल्या. आणखी एक इंजेक्शन दिलं. आणखी एक. मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही. मग त्यांनी रांगेला थांबायला सांगितलं, नळाखाली हात धुतले, सावकाश पुसले. म्हणाल्या, "मला वाटायला लागलं होतं, मी विचारलंच नसेन. घरी बसून रोज तो दिवस आठवत होते. शेवटी मीच म्हटलं, नसेन विचारलं." आणि खुर्चीवर बसून पदरात तोंड घालून रडल्या. रांगेतले सगळे लोक माझ्याकडे बघत होते. तू सांगितलं होतंस म्हणून मी रडले नाही. अवघड गेलं.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "चला." आम्ही दोघी सरांकडे गेलो.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "असं आतापर्यंत किती वेळा लिहिलंत?" मी म्हणाले, "मोजलं नाही."  सरांनी तिथल्या तिथे कागद ओढला आणि सिस्टरांची माफी लिहिली, स्वतःच्या नावाने. मेमो नुसता मागे घेतला नाही. त्यांच्या पुस्तकात मेमोच्या पानावर हे माफीचं पत्र लावायला सांगितलं, म्हणजे यादीच्या वेळी कोणी ते पान उघडलं तर हेच दिसेल. सिस्टर सोमवारपासून वॉर्डात परत आल्या आहेत.

आता माझं. माझी इंटर्नशिप तीन महिने वाढवली, याच वॉर्डात, सिस्टरांच्या देखरेखीखाली. बॅचबरोबर प्रमाणपत्र मिळणार नाही. पण डॉक्टर होता येईल. सरांच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा मी चक्क "थँक यू" म्हणाले. शिक्षा ऐकून थँक यू म्हणणारी मी त्यांना पहिलीच भेटले असेन.

वादळ दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चार्टच्या टेबलाजवळच्या सगळ्या खुर्च्या उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवल्या. एकटीने. शेवटची खुर्ची उचलताना म्हणाली, "मीसुद्धा इंटर्न असताना…" आणि वाक्य न संपवताच निघून गेली. आता आम्ही सगळे उभ्याने लिहितो. पाय दुखतात, पण पेशंटपर्यंत चालत जायला आळस येत नाही, कारण बसलेलं कोणी नसतंच.

सर म्हणाले होते, शिंपीकाकांना तुम्ही स्वतः सांगायचं. सांगितलं. काका उशाशी बसलेल्या काकूंकडे बघायला लागले. काकू बोलल्या. "आमचा माणूस गेला असता." एवढंच, पण तीनदा. दुसऱ्या दिवशी मी बीपीचं मशीन घेऊन गेले तर काकू म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाला पाठवा." असं आठ दिवस चाललं. मी रोज जायचे आणि रोज परत यायचे.

टाके पिकले म्हणून काकांचा मुक्काम लांबला होता, काल त्यांना घरी सोडलं. मी दारातूनच विचारलं, कोणाला पाठवू? काकांनी बाही वर सरकवली. "तुम्हीच मोजा," म्हणाले, "आणि आकडा हिला सांगा." मी मोजलं. एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. काकू म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा मोजलं. एकशे तीस, चौऱ्याऐंशी. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, तोंडाकडे नाही. मग मान हलवली, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "येतो आम्ही, डॉक्टर."

या वेळी मागे वळून बघितलं नाही. मलाच म्हणत होत्या.

काल दुपारी खोलीवर आले आणि बूटसुद्धा न काढता झोपले. आज सकाळी उठले ती थेट भुकेने. सहा आठवड्यांनी पोटभर खाल्लं. हलकं वाटतंय ग. इतकं हलकं, की आपण काहीतरी विसरलोय का म्हणून दोनदा खिसे चाचपले.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू बघून घेणार होतीस.

भिंगरी

१८ एप्रिल

भिंगरी,

तुझ्या बापाला सांगितलं. आधी ओरडला, मग तीन महिने म्हणजे किती दिवस ते बोटांवर मोजलं, मग म्हणाला, "माझी पोरगी स्वतःहून गेली ना? कोणी पकडली नाही ना?" नाही म्हटलं. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगत सुटला आहे. तुझी शिक्षा गावभर मिरवते आहे, त्याची तयारी ठेव.

पत्र चारदा वाचलं. काकूंचं वाचून हसले, खुर्च्यांचं वाचून त्याहून जास्त हसले. पण दर वेळी त्या इंजेक्शनच्या खोलीपाशी आले की पुढे जाववेना. "शेवटी मीच म्हटलं, नसेन विचारलं." त्या बाईने तीन-चार आठवडे जे केलं, ते मी एकतीस वर्षं केलं. मी कोणाला कधी सांगितलं नाही, पण डॉक्टरांना ते इंजेक्शनचं सांगितलं होतं की नुसतं सांगायचं मनात होतं, हे मलाच कळेनासं झालं होतं. ते जिथे भेटायचे तिथे इतक्या आदराने वाकायचे, की मीच चुकले असेन असं वाटायचं.

काल दुपारी तुझं पत्र मांडीवर घेऊन बसले होते. तू दारात उभी राहून काय म्हणालीस ते मोठ्याने वाचलं. "तुम्ही मला विचारलं होतं." आणि एकदम सगळं समोर आलं. पेशंटबाईची मुलगी वेणीशी चाळा करत होती. डॉक्टरांच्या हातात पेन होतं, त्याला टोपण नव्हतं. मी म्हणाले, "डॉक्टर, ह्यांना ते सोसत नाही," आणि ते म्हणाले, "हो हो."

मी सांगितलं होतं, भिंगरी. मी नक्की सांगितलं होतं.

आत्या